फरकातले बत्तीस

दादा, परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. मला पुढच्या बाकावर बसवलं होतं, तुझ्या तसबिरीच्या अगदी समोर. हेडमास्तर बोलले, संस्थानातले एक कारभारी बोलले, मग तुझ्या हाताखाली शिकून वकील झालेला एक जण उठला. तिघांचं म्हणणं एकच. असा शास्त्रीय दृष्टीचा माणूस भोरात पुन्हा होणे नाही. खुळ्या समजुतींवर त्यांनी जन्मभर कोरडे ओढले. विधवा बहिणीला शिकवून स्वतःच्या पायांवर उभं केलं. "आणि मास्तरांचं गणित फळ्यावर कधी चुकलेलं आम्ही पाहिलं नाही," असं वकील म्हणाला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. फळ्यावर खरंच कधी चुकलं नाही तुझं. चुकलं ते घरात.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत होतास तोवर तुझ्याबद्दल वाईट बोलायची सोय नव्हती, कारण मी तुझ्या घरात तुझं खात होते. आता मेल्यावर बोलू नये. मग बहिणीनं बोलायचं तरी कधी, ते एकदा कुणीतरी मला सांगावं. तेरावा उरकला, पाहुणे आपापल्या वाटेनं गेले, वहिनी आत निजली आहे. मी ओट्यावर बसून हे लिहिते आहे. ज्या ओट्यावर ती अंडी ठेवली होती, तोच ओटा.

आधी चांगलं लिहिते. ते फार आहे आणि ते नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही.

नवरा पटकीनं गेला आणि मी उत्रोलीला परत आले, तेव्हा मला धड सोळावं सरलं नव्हतं. आई रडली, चुलतीनं कपाळाला हात लावला. तू मात्र दुसऱ्या दिवशी पाटी आणलीस. तू तेव्हा नुकताच भोरच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागला होतास. आपल्या भावकीतला पहिला मास्तर. रोज चालत जायचास, चालत यायचास, आणि आल्यावर कोट खुंटीला अडकवून भाताच्या खाचरांकडं पाणी बघायला निघायचास. मी मागोमाग. बांधावरून चालता चालता तू मला जे शिकवलंस ते पुढं पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातही कुणी तसं शिकवलं नाही.

उष्णता मोजायच्या दोन पट्ट्या असतात, एक सेंटिग्रेड आणि एक फॅरनहाइट, हे तू मला चिंचेपाशी सांगितलंस. आपल्या खाचराच्या टोकाला जी चिंच आहे ती. तू म्हणालास, "ही चिंच म्हंजे पाणी गोठतं ती जागा. मी सेंटिग्रेड. मी हितनंच निघणार, म्हणून हितं माझं शून्य. तू फॅरनहाइट. तू माझ्या मागनं निघालीस, बत्तीस पावलं चालून चिंचेपशी आलीस. म्हणून हितं तुझं बत्तीस झालेलं हाये." शिवाय लुगड्यामुळं माझी पावलं तोकडी आणि तुझ्या टांगा लांब. तुझ्या पाच टांगा पडत तिथं माझी नऊ पावलं पडत. तेवढ्यासाठी तू मुद्दाम टांगा ताणायचास, धोतराचा सोगा वर धरून, करकोच्यासारखा. मला हसू यायचं. विधवेनं बांधावर हसू नये, असं तेव्हा चुलती म्हणायची.

"चिंच सोडून मी धा टांगा म्होरं गेलो. तुझी किती झाली, हिरे?"

मी मोजून सांगितलं, "अठरा. आन मागची बत्तीस. पन्नास."

"शाबास!"

मग मी विचारलं, "पर दादा, चिंचेपासनं म्या चालले ते तर अठराच की."

तू खूश झालास. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालास, "व्हय. चाललीस तेवढी अठराच. बत्तीस ही निघायची जागा. कुठं पोचलीस ते सांगायचं असलं तर बत्तीस धरायची. किती चाललीस येवढंच सांगायचं असलं, तर न्हाई."

हे तुझे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही. त्या संध्याकाळी घरी येताना मला वाटलं होतं की माझा भाऊ आहे तोवर मला कशाची भीती नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तू ती पेटी आणलीस.

वाईकडं कुणी गोरा साहेब होता, तो विलायतेला परत जाताना त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. त्यात अंडी उबवायची पेटी होती. लाकडी, दोन कप्प्यांची, खाली रॉकेलचा दिवा आणि दिव्याची ऊब आत नेणारं पत्र्याचं धुरांडं. बैलगाडीतून पेटी उतरली तेव्हा अर्धं उत्रोली ओट्यापुढं जमलं. कोंबडीशिवाय अंडी फुटणार म्हणजे काय, असं म्हणून बायका तोंडाला पदर लावत होत्या. तू ओट्यावर उभा राहून व्याख्यान दिलंस. शेतकऱ्यानं शास्त्र घरात आणलं पाहिजे वगैरे. आई म्हणाली, "अंडी बसवताना टोपल्यात लोखंडाचा खिळा आन कोळसा ठिवत्यात. इज कडाडली तर अंडी घाण व्हत्यात. पेटीतबी ठीव." तू इतका हसलास की आई रागावून आत गेली.

आणि मग तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पेटीचं समदं हिरी बघंल."

चुलतीचं तोंड उतरलं. पांढऱ्या पायाच्या बाईच्या हाती उबवणीची अंडी द्यायची हे तिला कसं रुचावं! तिनं तसं म्हटलंही. तू तिला काही बोलला नाहीस, मला आत नेऊन सांगितलंस, "हिरे, तुझ्या हातनं पिल्लं निघू दे. मंग बगू कुणाची जीब उचलती ती." दादा, माझ्यासाठी पेटी म्हणजे कोंबड्यांचा धंदा नव्हता. त्या घरात माझं तोंड सकाळी आधी कुणी पाहू नये म्हणून मी सगळ्यांच्या नंतर बाहेर यायची. पिलं निघाली असती तर मी आधी बाहेर आले असते. एवढंच होतं ते, पण माझं सगळं त्याच्यावर होतं, आणि तुला ते माहीत होतं. तूच तर तसं मांडलंस.

पेटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. पेटी जर्मन बनावटीची, म्हणून पुस्तिकेतले आकडे सगळे सेंटिग्रेडचे. पेटीचा मूळचा थर्मामीटर वाटेत फुटला, आणि तू पुण्याहून दुसरा आणलास तो निघाला फॅरनहाइटचा. तुला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट आनंदच झाला. साडेएकोणचाळीस अंश ऊब ठेवावी, असं पुस्तिकेत होतं. तू ओट्यावरच खडूनं गणित मांडलंस. नवानं गुण, पाचानं भाग, बत्तीस मिळव. एकशे तीन. बरोबर होतं. मी दिव्याची वात कमीजास्त करून एकशे तीन राखायला शिकले. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला कोळशानं फुली काढली, रोज सकाळ-संध्याकाळ अंडी पालथी करायची, फुली वर की खाली ते बघायचं. मला अंड्यांशी बोलायची सवय लागली. तू एकदा ऐकलंस आणि चिडवलंस, "काय गं, जबाब देत्यात का?"

पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून पुस्तिकेत नवं कलम होतं. कोंबडी रोज एकदा दाणे टिपायला उठते, तशी अंडी रोज एकदा पेटीबाहेर काढून दहा अंशांनी निवू द्यावीत.

पौषातली सकाळ होती. रोहिड्याकडून वारं उतरलं की उत्रोलीत ओट्यावर उभं राहवत नाही, तशी थंडी. तू कोट घालून, टोपी घालून शाळेला निघाला होतास. एका हातात पुस्तिका. उभ्या उभ्या तोंडानंच गणित केलंस. दहा नवे नव्वद, भागिले पाच, अठरा, अधिक बत्तीस, पन्नास. "पन्नासानं उतरव. एकशे तीनातनं पन्नास गेले, त्रेपन्न. अंडी टोपलीत घालून ओट्यावर ठीव, मधी थर्मामीटर ठीव, त्रेपन्न दिसलं की परत पेटीत."

मी म्हणाले, "दादा, हितं बत्तीस कशाला? ही तर नुसती चालायची पावलं. चिंचेची काय गरज?"

तू वहाणा चढवत होतास. मान वर न करता म्हणालास, "हिरे, सूत्र चिंचंवर नसतं. पुस्तकात असतं. मला उशीर होतोय."

पुस्तकातलं सूत्र तुझ्यापेक्षा मला कमी येत होतं, पण चिंच तूच मला दिली होतीस. तरी मी ऐकलं. ज्या घरात खायचं त्या घरात ऐकायचं असतं, आणि तुझ्यावर माझा विश्वास माझ्या मोजण्यापेक्षा मोठा होता. मी टोपली घेऊन ओट्यावर बसले. पारा लवकर उतरेना. आई गोठ्याकडून येताना थांबली आणि म्हणाली, "आगं, येवढा येळ कोंबडी उठत न्हाई अंड्यावरनं." मी म्हणाले, दादानं सांगितलंय. रोज सकाळी मी असं बसले. अंडी हातात घेतली की नदीतल्या गोट्यासारखी लागायची. रोज मी ती परत उबेत ठेवायची आणि मनात म्हणायची, दादाला माहीत असेल.

तू शाळेतले दोन मास्तर बोलावले होतेस, पिलं निघायची बघायला. भोरातल्या ब्राह्मण आळीतले, चांगले शिकलेले, पांढरी उपरणी घेतलेले. तू त्यांच्यासाठी सतरंजी अंथरलीस. वहिनीनं पोहे केले. पेटीचं झाकण उघडलं आणि आपण सगळे वाकलो. काही हललं नाही. कान लावला तरी आवाज नाही. ते बराच वेळ बसले, चहा घेतला, आणि जाताना त्यांतला एक हसून म्हणाला, "मास्तर, कोंबडीच बरी." तुझं तोंड मी त्या दिवशी पाहिलं आहे. त्यासाठी मला तुझी दया येते, आजही. शेतकऱ्याचं पोर शास्त्र शिकवतंय, यावर त्या शाळेत मागनं काय काय बोललं जायचं ते तू मला सांगितलं होतंस. एक चूक म्हणजे तुझ्यासाठी एक चूक नसायची. ती सगळ्या भावकीची चूक व्हायची.

दुसऱ्या दिवशी आईनं एकेक अंडं फोडलं. काहींत नुसतंच पाणी, काहींत अर्धवट जीव, एकदोघांना पिसाची लव फुटलेली. आईनं टोपली उकिरड्यावर रिकामी केली. तू तेव्हा घरात नव्हतास. मी तुला शोधायला निघाले आणि परड्याच्या कुंपणाशी थांबले, कारण तू मला दिसलास. तू चिंचेपाशी होतास. हातात पुस्तिका होती. चिंचेच्या बुंध्याला पाठ लावलीस आणि तिथनं टांगा टाकल्यास, लांब लांब, मोजून. दहा झाल्यावर उभा राहिलास. मग वळून चिंचेकडं बघितलंस आणि तिच्या पलीकडं, जिथनं मी निघायची तिकडं बघितलंस. किती वेळ उभा होतास तू! तुला कळलं, दादा. मी डोळ्यांनी पाहिलं तुला ते कळताना. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. आता हा घरी येईल, सांगेल, एकदा हसेल स्वतःला, आणि पुन्हा अंडी बसवू.

तू घरी आलास, हात धुतलेस. चुलती चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "रांडमुंडीचा हात लागल्यावं अंड्यात जीव ऱ्हाईल व्हय? जित्या नवऱ्यात ऱ्हायला न्हाई."

आई म्हणाली, "असू दे गं." पण नाही म्हणाली नाही.

मी तुझ्याकडं बघितलं. तू पंच्यानं हात पुसत होतास. तेच ते हात पुसणं, कोरडे झाले तरी पुसणं. तू माझ्याकडं बघितलंस आणि मग ताटावर बसलास. वहिनीनं भाकरी वाढली, तू ती मोडलीस, आमटीत कालवलीस. खिळ्याला आणि कोळशाला हसणारा तू. माझ्या हातानं पिलं निघाली की बघू कुणाची जीभ उचलते, असं म्हणणारा तू. तिची जीभ उचलली होती की रे, तुझ्यासमोर, हातभर अंतरावर! तू म्हणालास, "पेटी इकून टाकू." एवढंच. मग पाणी मागितलंस.

मी तिथंच का सांगितलं नाही, असं कुणी विचारील. सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? विधवा म्हणाली की मास्तराचं गणित चुकलं, तर चुलतीला आणखी एक गोष्ट मिळाली असती, बस. ते सांगायचं तुलाच होतं. तुझ्या तोंडून एका वाक्यात झालं असतं. भोरातल्या मास्तरांना नसतंस सांगितलं तर मी काही म्हटलं नसतं. ते तुझं पोट होतं. पण घरात, आपल्याच चुलीपुढं, तुझं काय जाणार होतं?

तुझं काही गेलं नाही. माझं काय गेलं ते मोजते. त्या पावसाळ्यात आंबेमोहोराच्या लावणीला मला खाचरात उतरू दिलं नाही. आधी म्हणाले पहिली मूठ हिरीनं लावू नये, मग म्हणाले रोपाला हातच नको. सगळ्या बाया चिखलात वाकून गाणी म्हणत होत्या आणि मी बांधावर भाकऱ्यांची पाटी राखत बसले. मग लोणच्याची बरणी गेली. मग बियाण्याची कणगी गेली. तुझी लेक शांती झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीची पायरी मी चढले नाही. बारशाच्या दिवशी गोठ्यात उभी राहून पाळणा ऐकला. तू बाहेर आलास, मला गोठ्यात बघितलंस, आणि गाईच्या पाठीवर हात फिरवून परत गेलास. माझ्या पाठीवर फिरवला असतास तर मला रडू आलं असतं, म्हणून नसशील फिरवला.

आणि मग तू मला पुण्याला पाठवलंस. त्यासाठी सगळ्या भावकीशी भांडलास हे खरं. चुलत्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं हेही खरं. फी भरलीस, दर महिन्याला भेटायला आलास, येताना पानात बांधून खरवस आणलास. मी मास्तरीण झाले, वेल्ह्याच्या मुलींच्या शाळेत लागले, माझी चूल वेगळी झाली. सगळं तुझ्यामुळं. त्या वकिलानं सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नाही. फक्त मला एवढंच कधी कळलं नाही की तू मला माझ्यासाठी पाठवलंस, की मी रोज समोर दिसू नये म्हणून. विचारायचं मनात होतं. पुण्याच्या गाडीपाशी एकदा शब्द ओठांवर आले होते. तू म्हणालास, "थंडीचं जप, हिरे," आणि मी नुसती मान हलवली.

वेल्ह्याला तू आलास ते आठवतं तुला? वार्षिक परीक्षा घ्यायला शाळेनं तुलाच बोलावलं. नसरापूरपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी, अंगभर धुरळा. तरी आल्या आल्या मुलींच्या पाट्या बघायला बसलास. मुली तुला घाबरल्या होत्या. मी मुद्दाम पुढं झाले आणि धनगरवाड्यावरनं येणाऱ्या एका मुलीला उभं केलं. विचारलं, "पाणी सेंटिग्रेडवर दहा अंशांनी निवलं, तर फॅरनहाइटवर किती अंशांनी निवलं?" ती म्हणाली, "अठरा." मी विचारलं, "आणि बत्तीस?" ती म्हणाली, "बत्तीस न्हाई धरायचं, बाई. त्ये निगायची जागा हाये."

मी तुझ्याकडं बघत होते. त्या मुलीकडं नाही, तुझ्याकडं. मुद्दाम केलं मी ते, आणि मला त्याची लाज नाही. तुला बाहेर यायला दार उघडून दिलं होतं. त्या मुलींसमोर नको होतं, पण नंतर, माझ्या खोलीत, पिठलं-भात खाताना तरी. तू म्हणालास, "शाबास." वर बघितलंस आणि म्हणालास, "कौलं शाकारायला झालीत ही." रात्रीच्या जेवणातही तू कौलांबद्दलच बोललास. किती लागतील, कुठनं आणायची. मी तुला भात वाढत राहिले. मला इतका राग आला होता की भात खाली सांडला.

त्यानंतर आपण भेटलो की भांडायचो. कशावरूनही. लढाईवरून, रॉकेलच्या टंचाईवरून, मुलींना भूमिती शिकवावी की नाही यावरून. तू म्हणायचास, हिरी पुण्याला जाऊन तोंडाळ झाली. आपलं खरं भांडण एकच होतं आणि ते आपण एकदाही केलं नाही.

मागल्या महिन्यात वहिनीनं माणूस धाडलं. विषमज्वर. मी आले तेव्हा तू माजघरात होतास, ओठ फुटलेले, दाढी वाढलेली. आई पायाशी, वहिनी उशाशी. भरदुपार होती. मी तुझ्या काखेत थर्मामीटर लावला. काढून उजेडात धरला.

"किती?" तू विचारलंस.

"एकशे तीन."

तू हसलास. किती दिवसांनी हसताना पाहिलं तुला. म्हणालास, "पेटीयेवढाच की गं."

माझा हात तसाच राहिला, दादा. इतक्या वर्षांत पेटीचं नाव तू पहिल्यांदा काढलंस. वहिनी विचारत होती, कसली पेटी. आई बघत होती. तू माझ्याकडं बघितलंस आणि तुझे डोळे भरले. तापानं भरले असतील, पण मी तसं मानणार नाही. म्हणालास, "हिरे, त्या अंड्यांचं..." मी वाकले. आईसुद्धा वाकली. तू डोळे मिटलेस. मग म्हणालास, "पानी दे."

मी पाणी दिलं. चमच्यानं, थोडं थोडं. तुझ्या कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या. सगळी दुपार तिथंच बसले, न जाणो पुन्हा तोंड उघडशील. नंतर तू बरळायला लागलास आणि त्यात शाळा होती, खाचरं होती, शांती होती. पेटी नव्हती.

दहाव्याला सगळे नीरेकाठी गेलो. पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. चुलता म्हणाला, "पोरांचं शिक्षान आमी करू, काळजी करू नगंस." नाही आला. तुझ्या शाळेचे मास्तर म्हणाले, तुम्ही शाळेत सुरू केलेलं प्रयोगशाळेचं काम आम्ही पुरं करू. नाही आला. वहिनी रडत काहीतरी म्हणाली. नाही आला. उन्हं वर आली, माणसं चुळबुळायला लागली. मला ठाऊक होतं तुझं काय अडलं होतं. निदान मला, ट्रेनिंग झालेल्या मास्तरणीला, त्या वेळी तसं खरंच वाटलं. 'दादा, मी कुणाला सांगणार नाही,' एवढं मनात म्हटलं तर कावळा येईल असं वाटलं. मी म्हटलं नाही. खोटं वचन देऊन तुला मोकळं करायचं माझ्या मनात नव्हतं.

तेव्हा चुलतीनं आईच्या कानाशी तोंड नेलं. आई म्हातारी झाली आहे आता, वाकली आहे. ती माझ्यापाशी आली आणि अगदी मायेनं म्हणाली, "हिरे, बाय, जरा लांब हो. त्या झाडामागं जाऊन हुबी ऱ्हा."

मी गेले. मी गेले म्हणून माझ्याबरोबर दोघी-तिघी बायका सरकल्या, वाट मोकळी झाली, कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. भुकेला होता, माणसं हटली, तो आला. यात न समजण्यासारखं काय आहे? पण सगळ्यांनी हुश्श केलं आणि एकमेकांकडं बघून माना हलवल्या. मघाशी सांगितलेल्या शोकसभेतल्यासारख्याच माना. तुझे शिकलेले मास्तरही त्यात होते. तू काही बोलला नाहीस. त्या दिवशी तरी तुला त्याचं कारण होतं.

घरी परतताना शांती, जी एरवी आत्याचं बोट सोडत नाही, ती आजीच्या पलीकडच्या बाजूनं चालत होती. मी हात पुढं केला तर तिनं तो बघितला आणि परकराच्या घोळात आपले हात लपवले. दादा, तुझी लेक. तू गप्प राहिलास ते तिच्यापर्यंत आलं.

म्हणून लिहिते. दहा अंश सेंटिग्रेडचा फरक म्हणजे फॅरनहाइटचे अठरा. त्यात बत्तीस मिळवायचे नसतात. मिळवले आणि अंडी पौषातल्या थंडीत पन्नास अंशांनी निववली, म्हणून ती मेली. हिरीच्या हातानं मेली नाहीत. उद्या सकाळी मी हे आईला वाचून दाखवणार आहे, चुलतीला बोलावून तिला ऐकवणार आहे, आणि शांतीला घेऊन चिंचेपाशी जाणार आहे.

अंडी हिरीच्या हातानं मेली नाहीत, हे वाक्य तुझं होतं, दादा. इतकी वर्षं मी ते तुझ्यासाठी राखून ठेवलं. आता ठेवत नाही.